बावीस दिवस कुठे गेले?

१

उत्तर युरोपातल्या हाइलुओतो बेटावरचा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा ओइवा स्वतःच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या मागच्या गवतात तेरा तास पडून होता, आणि त्या तेराही तासांत त्याच्या हातात चालू फोन होता. छपराची फळी ठोकताना शिडी सरकली आणि खुब्याचं हाड मोडलं. त्याने मदतीसाठी ११२ लावला. पडद्यावर 'जोडत आहे' एवढी अक्षरं आली आणि फोन तिथेच थिजला, दुसरा कुठला नंबरही लागेना. त्याने एकोणीस वेळा लावून पाहिलं. जुलैची नऊ तारीख होती, सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण नवे बटाटे द्यायला आली म्हणून माणूस वाचला.

तो फोन आमच्या कंपनीचा. दोष आम्हाला माहीत होता, त्यावरची दुरुस्ती तयार होती, आणि सतरा जूनला ती अपडेटच्या रूपाने फोनांवर जायला सुरुवात झाली अशी नोंदही होती. सतरा जून ते नऊ जुलै म्हणजे बावीस दिवस. एवढ्या दिवसांत एखादी मुंगीसुद्धा ओउलूहून चालत निघून, फेरीबोट पकडून हाइलुओतोला पोहोचली असती. अपडेट पोहोचलं नव्हतं.

मी वाल्तो. ओउलूतल्या हावू कंपनीत फोनच्या डब्यातली माहितीपुस्तिका लिहितो. ती कोणी वाचत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून जास्तीचं काम निघालं की ते माझ्याच गळ्यात पडतं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात राउहाला गाडीतून फिरवायचं काम असंच पडलं.

राउहा सदुसष्ट वर्षांची. सव्वीस वर्षं आमच्या तपासणी विभागात काढून जानेवारीअखेर निवृत्त झाली होती. तिच्या नजरेतून टाचणीएवढी चूक सुटायची नाही, आणि चूक सापडली तरी ती कुणाचा पाणउतारा करायची नाही. त्यामुळे प्रकरण गळ्याशी आल्यावर आमचा विभागप्रमुख तेर्हो याने तिलाच फोन केला. ती चालायच्या दोन काठ्या टेकत आली आणि बसायच्या आधीच तिने विचारलं, "काय घोळ घातलायत रे?"

"शुक्रवारी संचालकांसमोर मला एक नाव सांगायचंय," तेर्हो म्हणाला. "त्याआधी तू एकदा बघ."

"नाव आहे वाटतं तुझ्याकडे?"

तेर्होने एक कागद पुढे सरकवला. तो राजीनामा होता. "हिल्लाचा. तिनेच आणून दिला. म्हणते, चूक माझीच आहे."

राउहाने तो वाचला आणि घडी करून आपल्या पिशवीत टाकला.

"अगं, तो माझा आहे!" तेर्हो म्हणाला.

"शुक्रवारपर्यंत माझा."

२

हिल्ला एकोणतीस वर्षांची. दुरुस्ती तिनेच लिहिलेली. उपाहारगृहाच्या कोपऱ्यात ती बसली होती, समोरच्या कॉफीवर साय धरली होती. तिचे डोळे रडून सुजले होते.

"सुरुवातीपासून सांग," राउहा म्हणाली.

"दोष मला एप्रिलमध्ये सापडला. फोन दोन टॉवरांच्या मधोमध असला आणि नेमका तेव्हाच ११२ लावला, तर अडकतो. शहरात असं कधी होत नाही. बेटांवर होतं."

"मग जूनपर्यंत काय अंडी उबवत होतीस?"

हिल्लाला जरासं हसू आलं. राउहाला बहुतेक तेवढंच हवं होतं.

"निम्मा दोष चिपमध्ये होता. चिपवाल्यांनी तीन आठवडे घेतले. त्यांच्याकडून आलं ते आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलं, तर कॅमेरा बंद पडायला लागला. तो नीट करायला दहा दिवस. मग आपली तपासणी. मग प्रत्येक देशातल्या नेटवर्क कंपनीला फॉर्म पाठवायचा, त्या आपापल्या जाळ्यावर तपासून उत्तर देतात. ज्यांचं उत्तर येतं त्यांच्या ग्राहकांना अपडेट सुटतं. तेही आधी शंभरातल्या एकाला. आठवडाभर वाट बघायची, तक्रार नसेल तर पुढे. लोकांना वाटतं आम्ही झोपा काढतो."

"आणि तुझी चूक कुठली?"

हिल्लाने मान खाली घातली. "नेटवर्क कंपन्यांची यादी मी हाताने भरली. त्या दिवशी घाईत होते. यादी पाठवली की पुसली जाते. मला आठवून आठवून वेड लागायची पाळी आलीये, राउहा. मी आपल्याच देशाचं नाव गाळलं असणार. दुसरं काय? एक माणूस तेरा तास गवतात पडला आणि मी तेव्हा कुठेतरी पोहत होते."

"आठवतंय की वाटतंय?"

"वाटतंय."

"मग गप्प बस," राउहा म्हणाली आणि तिची गार कॉफी स्वतःच पिऊन टाकली.

तेर्होच्या पडद्यावर मात्र भलतंच दिसत होतं. युरोपभरातल्या त्या फोनांपैकी एक्याण्णव टक्क्यांवर अपडेट पोहोचलं होतं.

"आणि उरलेले नऊ?" राउहाने विचारलं.

"ते 'नंतर'वाले," तेर्हो म्हणाला. "फोन विचारतो, आत्ता करू की नंतर? लोक 'नंतर' दाबतात आणि वर्षभर दाबतच राहतात. नऊ टक्के कायम असतात. खरं सांगू? म्हाताऱ्याने स्वतःच 'नंतर' दाबलं असेल. पण इस्पितळात पडलेल्या माणसाला हे तोंडावर कोण म्हणणार?"

"मी म्हणते," राउहा म्हणाली. "वाल्तो, गाडी काढ."

३

ओइवा उशीला टेकून बसला होता आणि इस्पितळातल्या राय धान्याच्या पावाला नावं ठेवत होता. राउहाने आडपडदा न ठेवता विचारलं, "तू 'नंतर' दाबलंस का?"

"मी?" ओइवा भडकला. "अगं, मला फोन जे विचारतो त्याला मी हो म्हणतो! परवानगी देता का? हो. ठिकाण सांगू का? हो. एवढ्यानेच मला रोज सकाळी लिस्बनचं हवामान येतं. कसं बंद करायचं ते कळत नाही. तिथे म्हणे आज एकोणतीस."

राउहाने त्याचा फोन मागून घेतला आणि बराच वेळ आत काहीबाही उघडत राहिली. शेवटचं अपडेट फेब्रुवारीतलं होतं. त्यानंतर फोनने त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं. 'नंतर' दाबायला आधी प्रश्न तर यायला हवा.

"हा फोन कुठून घेतलास?"

"ओउलूतून. दोन घेतले, एकाच दुकानातून, एकाच दिवशी. एक मला, एक माझ्या बहिणीला, इम्पीला. ती नदीपलीकडे असते, स्वीडनमध्ये, हापारांदाला. तिचा फोन बिनदिक्कत चालतो, आणि ते ती मला दर रविवारी ऐकवते."

"लाव तिला."

इम्पीचा आवाज खोलीभर घुमला. "अपडेट? आलं की! जूनच्या शेवटच्या शनिवारी. मी फिश सूप करत होते आणि फोन मध्येच बंद होऊन चालू झाला, म्हणून लक्षात आहे. ओइवाला आलं नाही? त्याला काहीच वेळेवर येत नाही. माझ्या लग्नाचं पत्रसुद्धा लग्न झाल्यावर मिळालं त्याला."

राउहाने तिचे आभार मानून फोन खाली ठेवला. मला म्हणाली, "सारखेच दोन फोन, एकाच खोक्यातले म्हण. एकात अपडेट गेलं, एकात नाही. म्हणजे अपडेटमध्ये खोट नाही. फरक एवढाच की इम्पी स्वीडनच्या जाळ्यावर बोलते आणि ओइवा आपल्या."

"म्हणजे हिल्लाने खरंच यादीतून आपल्याला गाळलं?"

"किंवा आपल्याकडे फॉर्म आला आणि कोणीतरी त्यावर बसून राहिलं. असं एकच माणूस आहे." तिने काठ्या उचलल्या. "आणि मी तिला अकरा वर्षं ओळखते."

४

मेर्वी इथल्या नेटवर्क कंपनीत फोन तपासून मंजुरी द्यायचं काम करायची. सात आठवड्यांची रजा संपवून ती नुकतीच परतली होती, नाकावरची कातडी सोलवटलेली होती. राउहाला पाहून तिला खरंखुरं बरं वाटलेलं दिसलं. तिने कॉफी आणली, स्वतः तोडलेल्या ब्लूबेरींची गोड पाई कापली आणि मगच कामाचं विचारलं. टेबलावरच्या संगणकात नऊशे निरोप साचले होते. "रोज शंभर वाचते, तरी अजून जूनमध्येच अडकलेय," ती म्हणाली.

"हावूचा जूनचा फॉर्म तुझ्याकडे आला होता?" राउहाने विचारलं.

"आला होता की. सोळा तारखेला, सोमवारी. तपासायला दुपार गेली."

मी राउहाकडे पाहिलं. हिल्लाने नाव गाळलं नव्हतं! मला उठून तिला फोन करावासा वाटला. पण राउहाचा चेहरा हलला नाही.

"तुम्ही एवढं तपासता कशाला ग?" तिने विचारलं. "फोनवाल्यांनी तपासलेलं असतंच ना."

"दोन वर्षांमागे आम्ही एका कंपनीवर विश्वास ठेवून तसंच सोडलं होतं," मेर्वी म्हणाली. "नाव नाही सांगत. एका दुपारी तीन हजार फोन दगड झाले. एक बाई बाळंत होत होती आणि नवऱ्याचा फोन त्यातलाच. मी त्या नवऱ्याशी बोललेय, राउहा. तेव्हापासून मला कोणी मंदगती म्हणालं तरी चालतं. पण या फॉर्मवर मी एक दिवसही बसले नाही. त्याच संध्याकाळी पाठवला आणि रजेवर गेले. हे बघ."

तिने प्रत पुढे ठेवली. फोनचं नाव, तारीख, तपासण्यांची यादी, खाली सही. मधे एक मोठा रकाना होता: 'हरकती'. तो कोरा होता.

राउहा त्या कागदाकडे बघत राहिली. मग तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"मेर्वी, हा रकाना तू नेहमी असाच सोडतेस?"

"हे तू मला विचारतेस?" मेर्वी हसली.

राउहा हसली नाही. ती उठली, आभार मानले आणि दाराकडे निघाली. ताटलीत तिची पाई अर्धी तशीच पडली होती. सव्वीस वर्षांत मी तिला खाणं टाकून उठताना पाहिलं नव्हतं.

कंपनीच्या दारात गाडीतून उतरताना ती एवढंच म्हणाली, "हिल्लाला तेर्होच्या खोलीत बोलाव. मला माणूस सापडला."

५

तेर्होच्या खोलीत आम्ही चौघं होतो. हिल्ला भिंतीला टेकून उभी राहिली, बसायला तयारच होईना.

"तेर्हो, नेटवर्क कंपन्यांचे फॉर्म आता कोण वाचतं?" राउहाने विचारलं.

"यंत्र. तू गेलीस आणि तुझ्या जागी माणूस घेतलाच नाही."

"इतर देशांतून 'हरकती'च्या रकान्यात काय येतं?"

तेर्होने दोन-चार फॉर्म उघडले. "'काही हरकत नाही.' 'सर्व उत्तम, अभिनंदन.' या इटलीवाल्याने तर पाऊण पान लिहिलंय."

"आणि मेर्वीकडून?"

तेर्होने शोधलं. "तिचं उत्तर अजून यायचंय. हे बघ, 'फॉर्म अपुरा, उत्तराची वाट पाहत आहे.' यंत्राने सहा वेळा आठवण पाठवली. सहाही वेळा तिच्याकडून आपोआप उत्तर आलं, 'रजेवर आहे, वर्षाच्या बत्तिसाव्या आठवड्यात, ऑगस्टमध्ये परत.'" तो जरा ओशाळला. "हे मी जुलैत पाहिलं होतं. पण जुलैत इथे कोण उत्तर देतं? मला त्यात काही नवल वाटलं नाही. मी स्वतः तळ्यावर सुट्टीला होतो, नंतर ते डोक्यातूनच गेलं."

"उत्तर आलेलं आहे," राउहा म्हणाली. "सोळा जूनपासून ते तुमच्याकडेच पडून आहे. कोरा रकाना हेच तिचं उत्तर. तिला काही हरकत नव्हती, म्हणून तिने काही लिहिलं नाही. इथल्या कुठल्याही बैठकीत जा. कोणी बोललं नाही की ठरलं असं समजून आपण उठतो. पण ते यंत्राला कोण सांगणार? त्याला रिकामं म्हणजे रिकामंच. तुझ्या त्या नऊ टक्क्यांत निम्मे फोन आपल्या देशातले आहेत, तेर्हो. त्यांना कोणी विचारलंच नाही, आत्ता की नंतर."

"म्हणजे चूक मेर्वीची," तेर्हो म्हणाला. "फॉर्म पुरा भरायला काय झालं होतं तिला?"

"तिला तसं शिकवलेलं होतं."

"कोणी?"

"मी."

राउहा उभीच होती, दोन्ही हात काठ्यांवर.

"अकरा वर्षांपूर्वी मेर्वी नवी होती. प्रत्येक फॉर्मवर अर्धं पान लिहायची. सगळं ठीक आहे, काही हरकत नाही, तुमच्या चमूला शुभेच्छा. मला दिवसाला तीस फॉर्म वाचावे लागायचे. मी तिला फोन करून म्हटलं, बाई ग, सांगण्यासारखं असेल तेव्हाच लिही. रकाना कोरा दिसला की मी समजेन. ती अकरा वर्षं कोरा सोडत आली आणि मी अकरा वर्षं 'मंजूर' लिहीत आले. ओइवाच्या फोनवर शेवटचं अपडेट फेब्रुवारीत आलं. त्याचा फॉर्म जानेवारीत मीच वाचला होता, शेवटच्या आठवड्यात. आमच्यातला हा करार कुठे लिहिलेला नव्हता. निरोपाच्या दिवशी तू केक कापताना मला विचारलंस, राउहा, काही सांगायचं राहिलंय का? आणि मी म्हटलं, नाही."

हिल्ला भिंतीपासून दूर झाली. तिला रडू येत होतं आणि ते सुटकेचं होतं म्हणून तिलाच त्याची लाज वाटत होती, हे स्पष्ट दिसत होतं.

"शुक्रवारी माझं नाव सांग," राउहा तेर्होला म्हणाली. पिशवीतून राजीनामा काढून तिने तो हिल्लाच्या हातात दिला. "आणि हा तू फाड. माझ्यासमोर."

हिल्लाने तो फाडला.

"नावांना शुक्रवारपर्यंत वेळ आहे, फोनांना नाही," राउहा म्हणाली. "मेर्वीला मी दारातूनच निरोप धाडलाय. ती 'हरकत नाही' असं शब्दांत लिहून पाठवतेय. आलं की सोड."

दहा मिनिटांत मेर्वीचं उत्तर आलं. तेर्होचा हात कळीवर गेला आणि अडखळला. "सगळ्यांना एकदम सोडू? नियम आहे, आधी शंभरातला एक. पण एवढा उशीर झाल्यावर..."

"नियम मोडू नकोस," राउहा म्हणाली. "ते तीन हजार दगड विसरू नकोस. हळू जाण्यात पाप नाही रे. तू हळूच जा, फक्त आत्ता नीघ."

"तो एक टक्का आपण निवडू शकतो," हिल्ला एकदम म्हणाली. "शहरातले नकोत. जिथे दोन टॉवरांच्या मधे माणसं राहतात तिथले घेऊ. आधी बेटं."

तेर्होने खुर्ची सोडली. हिल्ला तिथे बसली आणि तिने पहिलं नाव टाकलं, हाइलुओतो.

६

त्याच दुपारी राउहा मला म्हणाली, "पुन्हा इस्पितळात चल."

"संचालकांना सांगून झाल्यावर गेलीस तर?"

"संचालकांचं हाड मोडलेलं नाही."

ओइवाने सगळं ऐकून घेतलं. तिने काही लपवलं नाही आणि काही सजवलंही नाही. अकरा वर्षांपूर्वीचा फोन, कोरा रकाना, केक, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुझे ते तेरा तास माझ्यामुळे होते. मला माफ करशील का?"

ओइवा खिडकीकडे बघत राहिला. बाहेर कोणीतरी गवत कापत होतं. एक मिनिट गेलं, मग दुसरं. आमच्याकडे एवढ्या वेळात माणसं उठतात, खांद्यावर हात ठेवतात आणि माफी मिळाली असं समजून घरी जातात. मी तर जाकीट हातात घेतलं होतं. राउहा जागची उठली नाही.

"ओइवा, असा गप्प बसू नकोस," ती म्हणाली. "तू बोलला नाहीस तर मी ते हो धरीन. जन्मभर तेच करत आलेय मी. काय असेल ते तोंडाने सांग."

ओइवाने मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "आज नाही. तेरा तास फार असतात, राउहा. मला वाटलं होतं, मी तिथेच मरणार आणि इम्पीला रविवारी फोन लागणार नाही."

राउहाने मान हलवली. "बरं केलंस सांगितलंस ते."

"पुन्हा विचार," ओइवा म्हणाला. "रविवारी ये. तेव्हाही नाहीच म्हणालो, तर त्याच्या पुढच्या रविवारी ये."

"येईन," राउहा म्हणाली. तिने त्याच्या अंगावरची घसरलेली चादर सारखी केली आणि आम्ही खाली आलो. गाडीत बसल्यावर ती रडली. रविवारी सकाळी साडेदहाला मी तिला परत तिथे सोडलं.